शनिवारी पुस्तक बदलायला: लहान मूल वाचतं व्हावं म्हणून

शनिवारी दुपारी चारला आमच्या वाचनालयाचा बालविभाग उघडतो. साडेचारच्या सुमाराला कोणाची तरी आई नाहीतर बाबा माझ्या टेबलापाशी येतात आणि म्हणतात, "ताई, याला वाचनाची गोडी लागेल असं एखादं पुस्तक द्या ना." 'हा' असतो चार-पाच वर्षांचा, आईच्या ओढणीआडून कपाटाकडे बघणारा. मी विचारते, "घरी त्याला कोण वाचून दाखवतं?" उत्तर बहुतेक वेळा असं येतं, "अहो, आता त्यालाच वाचता यायला हवं ना!"

हा लेख त्या आईबाबांसाठी आहे, आणि नातवंडं सांभाळणाऱ्या आजी-आजोबांसाठीही. गोडी लावणारं ते एकच पुस्तक मी आजवर कुठल्या कपाटात पाहिलेलं नाही. मुलाला गोडी लागते ती कोणाच्या तरी मांडीवर बसून ऐकलेल्या पुष्कळ पुस्तकांनी. पुष्कळ पुस्तकं विकत घेणं बहुतेक घरांना परवडत नाही, म्हणून वाचनालय. मांडी घरची आणि पुस्तकं वाचनालयाची, अशी जोडी जमवायची कशी ते क्रमाने सांगते.

पहिली पायरी: आधी कान

वाचायला शिकण्याच्या कितीतरी आधी मुलाचे कान तयार होतात. शब्द सुटे करता येतात, शब्दाच्या आत आवाज असतात, दोन शब्दांचा शेवट सारखा ऐकू येतो, हे कळलेल्या मुलाला पुढे अक्षरं सोपी जातात. आपल्याकडे यासाठी वेगळं काही आणावं लागत नाही. तान्ह्या बाळाला पायावर घेऊन म्हटलेलं 'अडगुलं मडगुलं', तळहातावर टाळी देत म्हटलेलं 'आपडी थापडी', पावसात ओरडून म्हटलेलं 'ये रे ये रे पावसा' ही सगळी कानांची तालीमच आहे. पावसा-पैसा, खोटा-मोठा हे यमक मुलाच्या कानात बसतं तेव्हा त्याला आवाजांचा सारखेपणा कळलेला असतो. आपण ते शिकवलं असं आपल्याला वाटतही नाही.

सहा महिन्यांच्या बाळाच्या हातात जाड पुठ्ठ्याचं किंवा कापडी पुस्तक द्या. ते चावेल, आपटेल, उलटं धरेल. चालतं. पान उलटता येतं आणि उलटलं की नवं चित्र येतं, एवढं कळलं तरी त्या वयाला खूप झालं.

तीन-साडेतीन वर्षांचं झालं की टाळ्यांचा खेळ घ्या. भा-क-री, तीन टाळ्या. पा-णी, दोन टाळ्या. मग भेंड्या. गाण्यांच्या भेंड्या जरा पुढच्या वयाच्या. आधी नुसत्या शब्दांच्या घ्यायच्या: आई 'मगर' म्हणाली की मुलाने 'र'वरून शब्द सांगायचा. रिक्षात, सिग्नलला, दवाखान्यात नंबर येईपर्यंत कुठेही खेळता येतं. जी मुलं भेंड्यांत पटाईत असतात त्यांना अक्षरओळख फारशी जड जात नाही, हे मी वर्षानुवर्षं बघत आले आहे.

दुसरी पायरी: वाचनालयाचं सभासद व्हा

महाराष्ट्रात 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. शासनाचं अनुदान घेणारी हजारो ग्रंथालयं आज राज्यात आहेत, आणि त्यांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. त्याच्याही कितीतरी आधीपासून चालत आलेली वाचनालयं आपल्या शहरांत आहेत: रत्नागिरीचं 1828 चं, नाशिकचं 1840 चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर 1848 चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं. याशिवाय बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी शासकीय जिल्हा ग्रंथालय असतं. गोव्यात राहत असाल तर पणजीच्या पाटो भागात कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. त्याची सुरुवात 1832 ची. तेव्हा "आमच्याकडे वाचनालय नाही" असं म्हणण्याआधी एकदा चौकशी करा. ते बाजारपेठेत एखाद्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर असेल, देवळाच्या आवारात असेल, नगरपालिकेच्या जुन्या इमारतीत असेल.

जाताना पत्त्याचा पुरावा आणि दोन फोटो बरोबर ठेवा. अनामत रक्कम एकदाच भरायची असते, सभासदत्व बंद केलं की ती परत मिळते, म्हणून पावती जपून ठेवा. वर्गणी महिन्याची किंवा वर्षाची असते. बाल सभासदाची वर्गणी बहुतेक ठिकाणी मोठ्यांपेक्षा कमी असते. ती सोय असेल तर कार्ड मुलाच्याच नावावर करा. स्वतःचं नाव लिहिलेलं कार्ड खिशात घालून निघालेलं पाच वर्षांचं मूल बघितलंय का कधी? रस्ताभर ते खिशावरचा हात काढत नाही.

पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा. बालविभाग वेगळा आहे का आणि तो कधी उघडा असतो? एका वेळी किती पुस्तकं मिळतात? किती दिवस ठेवता येतात? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुलाला स्वतः कपाटापाशी जाऊन पुस्तक हाताळता येतं का?

शेवटच्या प्रश्नावर मी अडून बसते, त्याला कारण आहे. लहानपणी मी ज्या वाचनालयात जायची तिथं मुलांची पुस्तकं काचेच्या कपाटात कुलपात असायची. बाहेरून बोट दाखवायचं, मग काका किल्ली शोधणार, पुस्तक काढून देणार, आणि "हेच पाहिजे ना? नक्की?" असं विचारणार. मला नको असलेली कितीतरी पुस्तकं मी घाबरून "हो" म्हणत घरी आणली. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच सूत्र पुस्तकं वापरण्यासाठी आहेत असं सांगतं. त्यांच्या जयंतीला, 12 ऑगस्टला, आपण ग्रंथपाल दिन साजरा करतो. त्या दिवशी हार घालण्याबरोबर बालविभागाच्या कपाटांची कुलपं काढली तर मला फार आनंद होईल.

तुमच्या वाचनालयात बालविभाग नसेल तर ग्रंथपालांना आणि कार्यकारी मंडळाला लेखी विनंती द्या. पाच-दहा पालकांनी मिळून दिली तर आणखी बरं. कोलकात्याचं राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान 1972 पासून देशभरातल्या सार्वजनिक ग्रंथालयांना मदत करतं, आणि मुलांचा कोपरा उभारण्यासाठीही त्यांची योजना आहे. मागणी असल्याशिवाय कोणी अर्ज करत नाही. विनंतीत अवघड काही मागायचं नाही: मुलांच्या उंचीचं एक उघडं कपाट, एक सतरंजी आणि आठवड्यातून एक ठरलेली वेळ.

तिसरी पायरी: पुस्तक निवडणं

वाचनालयात पोचलात की पहिली पंधरा मिनिटं काही सुचवू नका. मूल कपाटाभोवती फिरेल, नुसती मुखपृष्ठं बघेल, एखादं पुस्तक काढून तिथेच फतकल मारेल. बघत राहा. गेल्या पावसाळ्यात एक मुलगी सलग पाच शनिवार बकरीचंच पुस्तक घेऊन जात होती. सहाव्या शनिवारी तिची आई हात जोडून म्हणाली, "ताई, ते पुस्तक जरा लपवून ठेवा ना." मी लपवलं नाही. त्या दिवशी मुलगी माझ्या टेबलाशी आली, पुस्तक उघडलं, आणि प्रत्येक ओळीखाली बोट सरकवत तिने सगळं 'वाचून' दाखवलं. पाठच होतं तिला. पण 'बकरी' हा शब्द आला की तिचं बोट बरोबर त्या शब्दावर थांबत होतं. दुसऱ्या पानावर शब्दाची जागा बदलली तरी थांबत होतं. तिचा तो पहिला वाचलेला शब्द. तेच पुस्तक पाच वेळा नेल्यावर आलेला.

म्हणून तेच तेच पुस्तक मागणाऱ्या मुलाला अडवू नका. तीन पुस्तकं मिळत असतील तर मी अशी वाटणी सुचवते: एक मुलाच्या हट्टाचं, एक तुम्ही निवडलेलं, आणि एक आधी वाचून झालेलं, ओळखीचं.

तुम्ही निवडताना काय बघाल? अक्षरं मोठी आणि ठसठशीत आहेत का. ओळींत मोकळी जागा आहे का. चित्र आणि त्या पानावरचा मजकूर एकमेकांशी बोलतात का. भाषा ऐकायला कशी वाटते, हे कळायला एक पान तिथल्या तिथे हळू आवाजात वाचून बघा. जीभ अडखळत असेल, 'त्याने तत्काळ निश्चय केला' अशी वाक्यं असतील, तर ते पुस्तक तुमच्या घरी रात्री वाचलं जाणार नाही. आणि गोष्टीच्या शेवटी ठळक अक्षरात बोध छापलेला असेल तर मी तरी ते पुस्तक परत कपाटात ठेवते. मुलं गोष्टीतून जे घ्यायचं ते घेतातच.

मूल स्वतः वाचू लागलं असेल तर एक पान त्याच्याकडून वाचून घ्या. पाचापेक्षा जास्त शब्दांवर अडलं तर ते पुस्तक सध्या तुम्ही वाचून दाखवायचं. ते नेऊ नको, असं मात्र म्हणायचं नाही.

चौथी पायरी: वाचून दाखवणं

इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण सगळं यावर उभं आहे.

वेळ एकच ठरवा. बहुतेक घरांत रात्रीची जेवणं झाल्यावर, अंथरुणं घातल्यावरची वेळ जमते. दहा-पंधरा मिनिटं पुरे. टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. मूल मांडीवर किंवा काखेला चिकटून, दोघांनाही पान दिसेल असं. समोरासमोर बसून वाचलं तर मुलाला अक्षरं उलटी दिसतात आणि ते वर्गात बसल्यासारखं बसतं.

आधी मुखपृष्ठ बघा. पुस्तकाचं नाव वाचा, लिहिणाऱ्याचं आणि चित्रं काढणाऱ्याचं नाव वाचा. "काय होईल यात?" एवढंच विचारा आणि सुरू करा. पहिल्या वाचनात मध्येच फार थांबू नका, गोष्ट वाहती राहू द्या. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी बोट ओळीखालून सावकाश न्या. त्यातून मुलाला कळतं की आवाज त्या काळ्या खुणांतून येतोय आणि ओळ डावीकडून उजवीकडे जाते. हे कळण्याचं श्रेय कोणी कोणाला देत नाही, पण वाचनाचा पाया तोच.

आवाज बदला. म्हातारी भोपळ्यात बसून निघाली की 'टुणूक टुणूक' म्हणताना मांडी हलली पाहिजे. चिऊताईचं दार वाजलं की फरशीवर टकटक करा. आणि ओळखीच्या ओळीवर आल्यावर गप्प बसा. "थांब, माझ्या बाळाला..." एवढं म्हणून थांबलात की मूल पुढचं वाक्य ओरडून पूर्ण करतं. हा आनंद रोज मिळाला तर पुस्तक घेऊन ते तुमच्या मागे लागेल.

प्रश्न विचारा, पण परीक्षा घेऊ नका. "सशाचा रंग कोणता?" हा परीक्षेचा प्रश्न, कारण उत्तर तुम्हालाही माहीत आहे. "तू असतास तर दार उघडलं असतंस का?" या प्रश्नाला मूल खरं उत्तर देईल. कधी चित्रात तुम्हाला न दिसलेलं काही दाखवेल, कोपऱ्यातली मुंगी, उलटी टांगलेली चप्पल. त्याच्याबरोबर थांबून बघा.

घरची बोली इथे फार कामाला येते. घरात मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, आगरी बोलत असाल तर गोष्ट आधी आपल्या बोलीत सांगा, मग पुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी वाचा. पुस्तकाची मराठी पहिलीतल्या पुष्कळ मुलांच्या कानाला परकी असते, हे मोठ्यांच्या लक्षातच येत नाही. मूल 'वाचू शकत नाही' असं वाटतं तेव्हा कधी कधी त्याने वाचलेला शब्द आयुष्यात ऐकलेलाच नसतो. गोष्ट आधी ओळखीच्या बोलीत कानावरून गेली असेल तर नवा शब्द आपसूक जागेवर बसतो. "असं नाही, असं बोलावं" म्हणून बोली पुसायला जाऊ नका.

आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांचं काय? आमच्या बालविभागात एक आजी नातीला घेऊन येतात. सही करताना अंगठा पुढे करतात. पहिल्या दिवशी त्या दारातच बसल्या, "मला काय कळतंय त्यातलं." मी त्यांना शब्द नसलेलं, नुसत्या चित्रांचं पुस्तक दिलं. त्यात एक म्हैस तळ्यात जाते आणि बाहेर यायला तयार होत नाही. आजींनी पहिलं पान बघितलं आणि म्हणाल्या, "हिचं शिंग बघ, आपल्या ढवळीवानी." पुढे अर्धा तास सतरंजीवरची सगळी मुलं आजींभोवती. प्रत्येक पानाला म्हशीला नाव, मालकाला नाव, तळ्याला गाव. नातीने तेच पुस्तक घरी नेलं आणि दर वेळी आजींनी नवी गोष्ट सांगितली. त्या मुलीला गोष्टीची सुरुवात, मध्य, शेवट, माणसांची बोलणी, हे सगळं आजींकडून मिळालं. अक्षरं शाळेने दिली. ज्या घरात कोणीच शिकलेलं नाही त्या घरानेही पुस्तक न्यावं, हे मी प्रत्येकाला सांगते.

पाचवी पायरी: अक्षरं आली की

साधारण पाच-सहा वर्षांचं असताना मूल अक्षरांविषयी स्वतःच विचारू लागतं. सगळ्यात आधी त्याला स्वतःच्या नावाची अक्षरं हवी असतात. तिथूनच सुरू करा. 'अ ते ज्ञ' ओळीने पाठ करून घेण्याची घाई नको. थोडी अक्षरं घेऊन लगेच शब्द करता आले की मुलाला त्यात अर्थ वाटतो: घ, र, न, ळ, ब, स एवढ्यात 'घर', 'नळ', 'बस', 'सरळ' होतात.

आपल्या लिपीत काही जागा अडचणीच्या आहेत, त्या पालकांना माहीत हव्यात. मग राग येत नाही.

सारखी दिसणारी अक्षरं: घ आणि ध, भ आणि म, य आणि थ, व आणि ब, ड आणि इ. या जोड्या एकाच आठवड्यात शिकवू नका. एक पक्कं झालं की दुसरं.

पहिली वेलांटी: 'कि' लिहिताना वेलांटीचा दांडा अक्षराच्या आधी दिसतो, पण आवाज नंतर येतो. मूल 'दिवस' वाचताना आधी दांड्याशी अडतं. बोट दांड्यावर न ठेवता दोन्ही मिळून झाकलं आणि उघडलं की त्याला ते एकच अक्षर म्हणून दिसतं.

शेवटचा न उच्चारलेला अ: मूल 'ब-द-क' असं सुटं वाचतं आणि तो शब्द ओळखीचा वाटत नाही म्हणून गोंधळतं. "आता पटकन म्हण" एवढं सांगा, चेहऱ्यावर उजेड पडतो.

च आणि ज यांचे दोन उच्चार: चिमणीतला च वेगळा, चमच्यातला वेगळा. जिराफातला ज वेगळा, जाळ्यातला वेगळा. अक्षर एकच. मुलाने 'चमचा' चिमणीसारखा वाचला तर त्याचं चुकलेलं नाही, शब्द ओळखला की उच्चार आपोआप दुरुस्त होतो.

र तर चार वेशांत येतो: सूर्य, चक्र, ट्रक, दुसऱ्या. यातला प्रत्येक स्वतंत्रपणे भेटावा लागतो. जोडाक्षरं पक्की व्हायला दुसरी-तिसरीपर्यंत वेळ लागला तर घाबरू नका.

मूल वाचताना अडलं तर तीन श्वास थांबा, मगच मदत करा. आणि एक कळकळीची विनंती: मूल स्वतः वाचू लागलं म्हणून तुमचं वाचून दाखवणं बंद करू नका. इथेच बहुतेक घरांत दोरी तुटते. स्वतः वाचताना सहा वर्षांचं मूल 'बस आली' या पातळीवर असतं, पण ऐकताना त्याला जंगलातल्या मोठ्या गोष्टी हव्या असतात. वाचून दाखवणं थांबलं की त्याच्या वाट्याला नुसती 'बस आली' उरते. दहा वर्षांपर्यंत तरी वाचून दाखवा.

घरात जे छापलेलं आहे ते

पुस्तकाबाहेरही वाचन भरपूर असतं. वाण्याची यादी मुलासमोर लिहा: साखर, पोहे, तूर डाळ. दुकानात यादी त्याच्या हातात द्या, सामान आलं की खूण त्याने करायची. एसटी स्टँडवर फलाटावर लागलेल्या गाडीची पाटी त्याला वाचू द्या, आपली गाडी कोणती ते त्याने सांगायचं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत संकष्टी कधी, आत्याचा वाढदिवस कधी, दूधवाल्याचा खाडा कुठल्या दिवशी, हे शोधायला लावा. थालीपिठाची कृती मोठ्या अक्षरात कागदावर लिहा आणि "आता पुढे काय घालायचं?" असं त्यालाच विचारा.

थोडं मोठं झालं की नाव-गाव-फळ-फूल. पावसाळ्याच्या सुट्टीत याला तोड नाही.

मुलाकडून पुस्तक करून घेणं हा माझा सगळ्यात आवडता उद्योग. चार कोरे कागद मधोमध दुमडा, सुईदोऱ्याने दोन टाके घाला. मुलाने चित्रं काढायची, गोष्ट तोंडी सांगायची, तुम्ही ती त्याच्याच शब्दांत प्रत्येक चित्राखाली लिहायची. व्याकरण सुधारू नका. मुखपृष्ठावर लेखक म्हणून त्याचं नाव. स्वतःचेच शब्द असल्याने हे पुस्तक त्याला सगळ्यात आधी वाचता येतं. आमच्या बालविभागात अशा पुस्तकांची एक वेगळी फळी आहे, आणि ती पुस्तकंही आम्ही नोंदवहीत रीतसर दाखल करून घेतो.

आजी-आजोबा गावी असतील, किंवा तुम्ही पुण्या-मुंबईहून, परदेशातून त्यांना फोन लावत असाल, तर त्यांना एखादं पुस्तक नेऊन द्या आणि त्याच पुस्तकाची दुसरी प्रत तुमच्याकडे ठेवा. रविवारी फोनवर आजी वाचणार, नातू इकडे पान उलटणार. परदेशात वाढणाऱ्या मुलांसाठी तर मराठी वाचनाची ही सगळ्यात सोपी वाट आहे.

पुस्तकं आणखी कुठे

वाचनालय लांब असेल तर 'प्रथम बुक्स' या प्रकाशनसंस्थेचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ बघा. 2015 साली सुरू झालेल्या या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं मोफत वाचता येतात, उतरवून छापताही येतात. पुस्तकांना चार पातळ्या दिलेल्या आहेत, सुरुवात पहिलीपासून करा. फोनच्या छोट्या पडद्यापेक्षा छापून, शिवून हातात दिलेलं बरं. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतं. त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत आहेत, सात-आठ वर्षांपुढच्या मुलांना ते रमवतात. नॅशनल बुक ट्रस्टची बालपुस्तकं कमी किमतीत मिळतात, पुस्तक प्रदर्शनात त्यांचं दालन चुकवू नका.

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमात 100 पुस्तकांची पेटी गटागटांत फिरते. तुमच्या सोसायटीत, वाडीत तशी छोटी पेटी तुम्हीही फिरवू शकता. दहा घरांनी दोन-दोन पुस्तकं घातली की वीस झाली.

सहलीला जाणार असाल तर पाचगणीजवळचं भिलार. 4 मे 2017 पासून ते पुस्तकांचं गाव झालं. घरांत, देवळात, शाळेत पुस्तकं मांडलेली आहेत, आत जायचं, बसायचं, वाचायचं. कुठल्यातरी ओसरीवर स्ट्रॉबेरी खात वाचत बसलेलं आपलं मूल तुम्हाला पुढे बरीच वर्षं आठवेल.

15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, 14 नोव्हेंबरपासूनचा ग्रंथालय सप्ताह, 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, या दिवशी वाचनालयांत मुलांसाठी काही ना काही असतं. चौकशी करून ठेवा.

नेहमीच्या अडचणी

"इंग्रजी माध्यमात आहे, मराठी कशाला?" घरात मराठी बोलत असाल तर गोष्टी मराठीत ऐकू द्या. गोष्टीचा अर्थ लावण्याची सवय एका भाषेत झाली की दुसऱ्या भाषेतही उपयोगी पडते. मराठी अक्षरं एखाद-दोन वर्षं उशिरा आली तरी चालेल, ऐकणं मात्र थांबवू नका.

"एका जागी बसतच नाही." मग हिंडत ऐकू द्या. गाडी फिरवत, ठोकळे रचत ऐकणारी मुलं गोष्टीत नेमकी चूक काढतात, इतकं त्यांचं लक्ष असतं.

"बक्षीस देऊ का?" पुस्तकामागे चॉकलेट देऊ नका. द्यायचंच असेल तर पुस्तक द्या, नाहीतर झोपायची वेळ दहा मिनिटं पुढे ढकला.

सात-आठ वर्षांचं मूल रोज वाचून दाखवूनही सोप्या शब्दांवर सतत अडत असेल, ओळी सुटत असतील, वाचायचं नाव काढताच पोटात दुखत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. तरीही प्रश्न राहिला तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणं-लिहिणं जड जातं त्या अडचणीची, तपासणी करून घ्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे, आणि मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अशी तपासणी होते. लवकर कळलं तर मुलाची कितीतरी वर्षं त्रासातून वाचतात. अशा मुलाला वाचून दाखवणं तर दुप्पट करा, गोष्टींवरचा त्याचा हक्क कमी होत नाही.

परत करताना

पान फाटलं तर चिकटपट्टी लावू नका. ती काही दिवसांनी पिवळी पडते आणि कागदही खाते. मैद्याची पातळ खळ करा, पातळ पारदर्शक कागदाची पट्टी लावा, वर वजन ठेवून रात्रभर वाळू द्या. मुलाला शेजारी बसवून करा. जमत नसेल तर तसंच आणा आणि सांगा, आम्ही रागावत नाही. फाटलं म्हणून पुस्तक घरातच दडवून ठेवणारे पालक मला जास्त काळजीत टाकतात, कारण ते पुन्हा येत नाहीत.

दाराशेजारच्या खुंटीला एक कापडी पिशवी टांगा, फक्त वाचनालयाची. शुक्रवारी रात्री वाचून झाली की पुस्तकं मुलानेच तिच्यात भरायची, कार्ड वरच्या खणात. शनिवारी चारला आम्ही दार उघडतो.